बाहुली आणि बांगड्यांचे तुकडे : तेरचं संग्रहालय पाहताना

मागच्या वेळी आपण मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांविषयी बोललो. ते सोपं होतं, कारण त्यांच्यावर लिहिलेलं पुष्कळ आहे. आज एका लहान गावातल्या संग्रहालयाकडे जाऊ. पुस्तकाचं परीक्षण करतात, नाटकाचं करतात, पण संग्रहालयाचं कोणी करत नाही. लहान गावाच्या संग्रहालयाचं तर नाहीच. तिथे आपण जातो, चपला बाहेर काढायच्या की नाही याचा विचार करतो, वीस मिनिटांत बाहेर येतो आणि "छान जपलंय हो" म्हणतो. त्यात कौतुक कमी आणि दया जास्त असते. आज आपण दया बाजूला ठेवू. मोठ्या संग्रहालयाला विचारतो तेच प्रश्न या छोट्या संग्रहालयाला विचारू.

गाव आहे तेर. धाराशिव जिल्ह्यात, ढोकीजवळ, तेरणा नदीच्या काठी. तेरला येणारे बहुतेक लोक गोरोबाकाकांच्या दर्शनाला येतात. संत गोरा कुंभारांचं हे गाव, समाधी इथेच. आम्ही आठ-दहा जण गेलो तेव्हाही रस्ता विचारला की लोक आधी मंदिराचाच रस्ता दाखवायचे. आम्हाला जायचं होतं रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाच्या संग्रहालयात.

थोडा इतिहास सांगायला हवा, कारण तो सगळ्यांना माहीत असतोच असं नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने तांबड्या समुद्रापासून हिंदुस्थानापर्यंतच्या बंदरांची माहिती लिहून ठेवली. 'पेरिप्लस' म्हणून ती ओळखली जाते. त्याचं नाव आपल्याला माहीत नाही. तो सांगतो की भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आहे आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तिथला माल गाड्यांवर लादून, धड रस्ते नसलेल्या मुलखातून भडोचला येतो. हे तगर नेमकं कोणतं, यावर एकोणिसाव्या शतकात बराच वाद झाला. जुन्नर म्हणून झालं, देवगिरी म्हणून झालं. शेवटी जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये तगर म्हणजे तेर असं मांडलं, आणि लगेच हेन्री कझिन्स येऊन गाव पाहून गेले. गावातल्या विटांच्या देवळांचं वर्णन त्यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या अहवालात केलं. पुढे १९५८ मध्ये चापेकरांनी उत्खनन केलं, साठच्या दशकाच्या उत्तरार्धात शां. भा. देवांनी केलं, अगदी अलीकडे २०१४-१५ मध्येही झालं.

पण संग्रहालय या उत्खननांतून जन्मलेलं नाही, हे आधी लक्षात घ्या. ते एका गावकऱ्याच्या छंदातून जन्मलं.

मराठवाड्यात 'पांढरी' हा शब्द सगळ्यांना ठाऊक असतो. शेताची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. शेकडो वर्षं माणसं एकाच जागी राहिली, घरं पडली, त्यावर पुन्हा घरं बांधली, चुलीची राख पडत राहिली, की त्या जागेची माती पांढुरकी होते आणि टेकाड तयार होतं. ही माती लोक खणून नेतात. भिंतीला लागते, धाब्यावर पसरायला लागते, शेतात टाकायलाही लागते. पावसाळ्यात टेकाडाची कड ढासळते आणि आतलं बाहेर येतं: मणी, खापरं, बांगड्यांचे तुकडे, मातीची चित्रं, कधी एखादं नाणं. पोरं त्याच्याशी खेळतात, मोठी माणसं पायाने बाजूला सारतात. रामलिंगप्पा लामतुरे हे तेरचेच व्यापारी. त्यांनी या वस्तू गोळा करायला सुरुवात केली आणि आयुष्यभर करत राहिले. हजारो वस्तू जमल्या. पुढे हा संग्रह राज्य शासनाकडे आला आणि संग्रहालयाला त्यांचं नाव मिळालं.

एवढ्यावरून कोणालाही वाटेल की ही त्यागाची, ध्यासाची गोष्ट आहे. आहेच ती. आपल्याकडे अशा माणसांची परंपरा आहे. पुण्याचे दिनकर केळकर घ्या, औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी घ्या. केळकर जुन्या वाड्यांतून दिवे, अडकित्ते, दरवाजे मिळवत होते. औंधच्या राजाने चित्रं आणि शिल्पं जमवली. पण लामतुऱ्यांचं काम या दोघांपेक्षा वेगळं आहे. अडकित्ता कोणाच्या घरातून आला हे विचारता येतं, चित्र कोणी काढलं हे कळतं. जमिनीतून आलेल्या वस्तूला मात्र दोनच गोष्टी बोलतं करतात: कुठल्या जागी मिळाली आणि किती खोल मिळाली. आमच्या टीकेचा मुद्दा इथे सुरू होतो. पण त्याआधी बाहुलीकडे जाऊ, कारण तेरला गेलेला प्रत्येक अभ्यासू माणूस बाहुलीसाठीच जातो.

बाहुली हस्तिदंताची आहे. उभी स्त्री, अंगावर दागिने, कमरेला मेखला, केसांची मोठी रचना. आकाराने लहान, हाताच्या ओंजळीत मावेल अशी. ती प्रसिद्ध का झाली? तर १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेईच्या उत्खननात अमेदेओ मायुरी यांना अशीच हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती सापडली. ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. पॉम्पेई इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे ती मूर्ती त्याआधी तिथे पोचली होती, यात शंकाच नाही. पूर्वी तिचा संबंध मथुरेशी जोडत. पण तेरची बाहुली आणि भोकरदनला मिळालेला हस्तिदंताचा तुकडा समोर आल्यावर, ती आपल्या दख्खनमध्येच घडली असावी असं मत पुढे आलं. म. के. ढवळीकरांनी यावर लिहिलं आहे.

आता गंमत बघा. तेरच्या बाहुलीचा काळ आपण कसा ठरवतो? तिच्या स्वतःच्या जागेवरून नाही. हजारो मैलांवरच्या ज्वालामुखीवरून! इटलीत राख पडली म्हणून मराठवाड्यातल्या बाहुलीला तारीख मिळाली. (हशा) हसण्यासारखंच आहे, पण नीट विचार केला तर जरा वाईटही वाटतं. ही बाहुली कोणत्या टेकाडातून आली, तिच्या शेजारी काय होतं, घर होतं की कारागिराची जागा होती की केरकचऱ्याचा खड्डा होता, हे उत्खननाच्या नोंदीतून जसं कळतं तसं इथे कळत नाही. शेजारी हस्तिदंताचे अर्धवट कोरलेले तुकडे असते, तर तेरमध्ये हे काम चालायचं असं छातीठोक सांगता आलं असतं. आरसा असता, तर ती आरशाची मूठ ठरली असती. भोकरदनचा तुकडा मोडका आहे, पण तो १९७३ च्या उत्खननातला आहे, त्याला थर आहे. आमचं मत विचाराल, तर इतिहासाच्या हिशेबात तो मोडका तुकडा बाहुलीपेक्षा जास्त बोलतो. हे बाहुलीसमोर उभं राहून म्हणणं अवघड जातं. ती फार सुंदर आहे.

मग लामतुऱ्यांनी चूक केली का? आमच्यातच यावर वाद झाला. एक जण म्हणाला, "उचललं नसतं तर थर तरी शिल्लक राहिला असता." दुसऱ्याने लगेच विचारलं, "कुठे शिल्लक राहिला असता? भिंतीत?" आणि हे बरोबर आहे. पांढरी कोणासाठी थांबत नव्हती, ती रोज बैलगाडीने जात होती. त्या काळात पर्याय 'नोंदीसकट' आणि 'नोंदीविना' असा नव्हताच, 'उचललेलं' आणि 'नाहीसं झालेलं' असा होता. कायदे कसे होते म्हणाल, तर १८७८ चा निखात निधीचा कायदा घ्या. जमिनीत गाडलेली वस्तू सापडली आणि तिची किंमत दहा रुपयांपेक्षा जास्त असेल, तर कलेक्टरला कळवा, असं तो सांगतो. दहा रुपये! शंखाच्या बांगडीच्या तुकड्याची किंमत काय? शून्य. कायद्याच्या दृष्टीने तो सापडलाच नाही. लामतुऱ्यांचा मोठेपणा आम्हाला इथे दिसतो. ज्याची किंमत शून्य होती तेही त्यांनी उचललं. नुसती नाणी आणि मूर्ती जमवणारे पुष्कळ असतात.

म्हणून आमची विनंती अशी की तेरला गेलात तर बाहुलीसमोर पाच मिनिटं थांबा आणि मग अर्धा तास त्या 'शून्य किमतीच्या' वस्तूंसमोर थांबा. शंखाच्या बांगड्यांचे तुकडे बघा. शंख समुद्रातला, आणि तेरपासून समुद्र किती लांब! घाट चढून, दिवसेंदिवस बैलांच्या पाठीवरून तो आला. बांगडी घालणारी बाई राणी असेलच असं नाही. म्हणजे समुद्राशी असलेला व्यापार फक्त श्रीमंतांच्या पेटीतला नव्हता, तो साध्या मनगटापर्यंत पोचला होता. रोमशी असलेलं नातं सांगायला आपण रोमन धाटणीचे मातीचे दिवे दाखवतो, रोमन नाण्यांची नक्कल केलेली मातीची पदकं दाखवतो, आणि ती आहेतच तिथे, बघायलाच हवीत. पण ही पदकं मातीची का आहेत, कोणी ती गळ्यात घातली असतील, ज्याला खरं सोन्याचं नाणं परवडत नव्हतं त्याने का, हा प्रश्न आम्हाला रोमच्या नावापेक्षा मोठा वाटतो. केओलिनच्या पांढऱ्या मूर्तीही तशाच. पुढचा आणि मागचा असे दोन साचे करून, आतून पोकळ काढलेल्या. साचा आहे म्हणजे एकासारख्या अनेक काढायच्या होत्या, म्हणजे गिऱ्हाईक होतं. लज्जागौरी आहेत, रा. चिं. ढेऱ्यांचं त्या विषयावरचं पुस्तक वाचलेल्यांनी तर तिथून लवकर हलू नये.

आणि आता जे तिथे नाही त्याबद्दल. पेरिप्लसचा लेखक तगरहून काय येतं म्हणून सांगतो? हस्तिदंत म्हणत नाही, मणी म्हणत नाही. मौल्यवान खडे तो पैठणच्या नावावर लिहितो. तगरच्या नावावर आहे कापड. जाडंभरडं कापड भरपूर आणि तलम मलमलीचे निरनिराळे प्रकार. म्हणजे जगात हे गाव ज्याच्यासाठी ओळखलं जात होतं, ते विणकराचं काम होतं, आणि आपल्या हवेत कापड दोन हजार वर्षं टिकत नाही. तेरच्या कोणत्याही कपाटात तगरची सगळ्यात मोठी वस्तू असूच शकत नाही! जे टिकलं त्यावरून आपण गावाचं चित्र काढतो: हाड, दात, शंख, माती, दगड. ज्याने गावाला नाव मिळवून दिलं त्याचा धागाही नाही. संग्रहालय पाहताना ही रिकामी जागा मनात धरून पाहायला हवी. कोणत्याही जुन्या गावाच्या संग्रहात मधोमध भोक असलेली मातीची चकती दिसली तर तिथे थांबत जा. ती चातीची असू शकते, आणि मग तेवढाच काय तो विणकराचा पुरावा.

लहान गावांच्या संग्रहालयांची एक खोड आहे, ती इथे सांगतो. हे आता तेरबद्दल नाही. नाव घेत नाही, पण अशा एका ठिकाणी आम्ही गेलो तेव्हा दिवे आमच्यासाठी लावले गेले आणि आम्ही पुढच्या खोलीत गेल्यावर मागचे बंद झाले. एका पाटीवर होतं, 'मातीचे भांडे. काळ : प्राचीन.' भांडं आहे हे दिसतच होतं. आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत गावाचा गौरव: कोणता राजा येऊन गेला, कोणत्या परदेशी प्रवाशाने उल्लेख केला. म्हणजे गावाला मोठेपणा मिळतो तो कायम बाहेरच्यांकडून. कोणीतरी मोठा माणूस इथे आला, ही आपली कमाई. गावातल्या माणसाने काय केलं हे मात्र 'काळ : प्राचीन' मध्ये संपतं. ही खोड जुनी आहे बरं का. शिलाहार राजे कोकणात आणि कोल्हापूरला राज्य करत होते, पण बिरुद लावायचे 'तगरपुरवराधीश्वर', म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. तगर त्यांच्या राज्यात नव्हतं. शेकडो वर्षं त्या नावाचा अभिमान मात्र दुसऱ्या गावी शिलालेखांत मिरवत होता, आणि खुद्द तेरमध्ये कुंभार मडकी घडवत होते.

कुंभारांवरून आठवलं. गोरोबांची ती कथा तुम्हाला माहीत आहे. संतमंडळी जमलेली असताना त्यांनी थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिलं, कोणतं मडकं पक्कं आणि कोणतं कच्चं. नामदेव चिडले आणि कच्चे ठरले. उत्खनन करणारी माणसं खापराचं नेमकं हेच करतात. टिचकी मारतात, आवाज ऐकतात, कड मोडून बघतात भाजणी आतपर्यंत पोचली आहे का. आता विचार करा, ज्या गावात लाखो लोकांना मडक्याची परीक्षा अभंगाच्या आणि कथेच्या वाटेने ठाऊक आहे, तिथे खापरांचं कपाट समजावून सांगायला किती सोपं आहे! मंदिरातून संग्रहालयात येणाऱ्या माणसाला सातवाहन हा शब्द माहीत नसेल, थापटणं माहीत आहे. आमच्या मते कुठल्याही स्थानिक संग्रहालयाची भाषा इथून सुरू व्हायला हवी, त्या गावाला जे आधीच कळतं तिथून. विद्यापीठातल्या कालखंडांच्या तक्त्यावरून नव्हे.

उत्तरेश्वर मंदिराची कोरीव लाकडी चौकट हा एक वेगळा प्रश्न आहे. हजार वर्षांहून जुनं मानलं जाणारं लाकूड आपल्या पावसापाण्यात, वाळवीत टिकलं हेच नवल. ती आता संग्रहालयात आहे आणि तिथेच असायला हवी, याबद्दल आम्हाला शंका नाही. पण चौकट म्हणजे ओलांडायची वस्तू. ती भिंतीजवळ उभी केली की तिचं चित्र होतं. आम्ही आधी ती पाहिली आणि मग उत्तरेश्वराकडे गेलो. आमचा सल्ला उलटा आहे: आधी देऊळ बघा, मग चौकट. गावातलं त्रिविक्रमाचं देऊळ तर मुळीच चुकवू नका. विटांचं, मागच्या बाजूला गोलाई असलेलं, वर गजपृष्ठ छत. चैत्यगृहाचा आकार आहे. मुळात ते बौद्धांचं होतं की नव्हतं यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. आत त्रिविक्रम उभा आहे, आणि लोक येऊन नमस्कार करून जातात. त्याच्यावर पाटी लागली काय आणि न लागली काय, ते अजून वापरात आहे. संग्रहालयाच्या चार भिंतींत जे सांगता येत नाही ते हे देऊळ सांगतं, की जुनी वास्तू नव्या माणसांनी आपली करून घेतली म्हणून ती उभी राहिली.

अधूनमधून ऐकू येतं की इतक्या मोलाच्या वस्तू लहान गावात कशाला, मुंबईला न्या, सुरक्षित राहतील, जास्त लोक बघतील. यातला 'सुरक्षित' हा शब्द आम्ही हलका मानत नाही. पण वर सांगितलं तसं, या संग्रहातल्या बऱ्याच वस्तूंना थर नाही. त्यांच्याकडे जागेचा म्हणून एकच पुरावा उरला आहे: त्या तेरच्या आहेत, तेरच्या माणसाने तेरमध्ये उचलल्या आहेत. त्यांना गावाबाहेर काढलं तर तेवढाही पुरावा एका पाटीवरच्या शब्दापुरता राहील. मुंबईच्या दालनात बांगडीचा तुकडा ही 'सातवाहनकालीन बांगडी' होईल. तेरमध्ये खिडकीबाहेर बोट दाखवून "तिथली" असं म्हणता येतं.

दुपारी आम्ही टेकाडाकडे गेलो. आमच्यातली एक विद्यार्थिनी मागे राहिली होती. परत गाडीत बसल्यावर तिने हळूच मूठ उघडली. आत शंखाच्या बांगडीचा तुकडा, बोटाच्या पेराएवढा, कडेला बारीक रेघा कोरलेल्या. "सर, असाच पडला होता. पायाखाली गेला असता." गाडीत एकदम शांतता. दिवसभर आम्ही लामतुऱ्यांनी बरोबर केलं की चूक यावर बोलत होतो, आणि आता ते आमच्याच गाडीत येऊन बसलं होतं. कोणी म्हणालं ठेवून घे, आठवण राहील. कोणी म्हणालं संग्रहालयात नेऊन देऊ. कायदा सांगितला गेला, टेकाडावरचं काही उचलायचं नसतं हे तिलाही माहीत होतं. शेवटी ठरलं की जिथून उचलला तिथे परत ठेवायचा, त्या जागेचा फोटो काढायचा आणि संग्रहालयात कळवायचं. गाडी वळवली.

टेकाडावर चढून ती बराच वेळ इकडेतिकडे फिरत राहिली. ही कड की ती, या बाभळीच्या अलीकडे की पलीकडे. नेमकी जागा काही तिला सांगता येईना.